फ्यूज शाबूत, तरी डीपी जळाली कशी?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. शंभर केव्हीए क्षमतेची डीपी, म्हणजे शेतावरचा ट्रान्स्फॉर्मर, एकाच हंगामात दुसऱ्यांदा जळाली. उघडली तेव्हा आतली एका फेजची कॉइल काळीठिक्कर, पण खांबावरच्या डीओचे, म्हणजे लायनीकडच्या ड्रॉप-आउटचे, तिन्ही फ्यूज शाबूत. वायरमन म्हणतो, "होतं असं कधी कधी." प्रश्न विचारणाऱ्यांचा बीई झालेला मेव्हणा म्हणतो, कॉइल जळायला करंट लागतो, आणि तेवढा करंट गेला असता तर फ्यूज उडालाच असता, म्हणजे कुणीतरी खोटं बोलतंय. मग त्याच मेव्हण्याला विचारलं, की आतल्या दोन कॉइल एकमेकींना जोडलेल्याच नसतात, तर वीज पलीकडे जाते कशी, आणि शेतात मोटर चालू झाली हे लायनीकडच्या अकरा हजार व्होल्टच्या कॉइलला कळतं कसं? त्यावर तो "इंडक्शनने" एवढं म्हणून चहा प्यायला गेला.

माझ्या मते वायरमन खरं बोलतोय. मी सोलापूर जिल्ह्यात एकतीस वर्षं ट्रान्स्फॉर्मर उघडतोय. सरकारी पत्रात त्याला रोहित्र म्हणतात, शेतावर डीपी म्हणतात, आमच्या शेडमध्ये नुसतं "नग" म्हणतात. फ्यूज शाबूत आणि कॉइल राख असे नग दर हंगामात येतात. एक गोष्ट मात्र आधी बघून घ्या: डीओत खरोखर फ्यूजचीच तार होती, की कुणी जाड तार बांधून ठेवली होती? तसं असेल तर पुढचं सगळं विसरा, उत्तर तिथेच आहे. तसं नसेल तर वाचा. इंडक्शन म्हणजे काय आणि फ्यूज का उडाला नाही, हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे.

सुरुवात माझ्या फजितीने करतो. आयटीआयला जायच्या आधीची गोष्ट. घरात एक बेलचा छोटा ट्रान्स्फॉर्मर होता, २३० चे १२ व्होल्ट करणारा. मी विचार केला, उलटा जोडला तर १२ चे २३० होतील. ट्रॅक्टरची बॅटरी होतीच. १२ व्होल्टच्या बाजूला बॅटरी लावली, दुसऱ्या बाजूला बल्ब. तार टेकवली त्या क्षणी बल्बच्या तारेत काहीतरी लुकलुकल्यासारखं वाटलं, मग काही नाही. मी तार धरून बसलो. मिनिटाभरात वॉर्निशचा वास, मग धूर. घाबरून तार ओढली तर दुसऱ्या हाताला सणसणीत झटका बसला, कारण तो हात बल्बच्या टोकांवर होता. बारा व्होल्टच्या बॅटरीने मला झटका दिला हे पुढे दोन वर्षं कुणाला पटत नव्हतं.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकल फॅरेडेने २९ ऑगस्ट १८३१ रोजी हेच पाहिलं होतं. फक्त त्याने काही जाळलं नाही. सहा इंच व्यासाचं मऊ लोखंडाचं कडं, त्याच्या एका अंगावर एक कॉइल, दुसऱ्या अंगावर दुसरी. तेव्हा इनॅमलची तार मिळत नव्हती, म्हणून थरांमध्ये त्याने दोरा आणि मांजरपाटासारखं सुती कापड घातलं. इन्सुलेशन चोख असल्याशिवाय कॉइल बोलत नाही हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं, हे वाचून मला त्याच्याबद्दल जास्तच आदर वाटला. एका कॉइलला बॅटरी जोडली, दुसरीच्या तारेजवळ चुंबकसुई ठेवली. बॅटरी जोडताना सुई हलली आणि परत जागेवर आली. बॅटरी चालू असताना ढिम्म. तोडताना पुन्हा हलली, उलट्या दिशेने. ऑक्टोबरमध्ये त्याने नुसतं चुंबक कॉइलमध्ये आत-बाहेर करूनही तेच मिळवलं.

म्हणजे दुसऱ्या कॉइलला चुंबकत्व असण्या-नसण्याशी काही देणंघेणं नाही. तिला चुंबकत्वातला बदल लागतो. लोखंडातलं चुंबकत्व ज्या वेगाने वाढतं किंवा घटतं, तेवढं व्होल्टेज त्या लोखंडाभोवतीच्या प्रत्येक टर्नमध्ये, म्हणजे तारेच्या एकेका वेढ्यात, तयार होतं. जितके टर्न तितक्या पट. मेव्हण्याचं इंडक्शन ते हेच, दहावीच्या पुस्तकात याला विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. माझी बॅटरी जोडताना चुंबकत्व चढलं तेव्हा लुकलुक, स्थिर झाल्यावर काही नाही, आणि तार ओढल्यावर ते एकदम कोसळलं तेव्हा झटका. जुन्या स्कूटरचा इग्निशन कॉइल याच झटक्यावर प्लगला ठिणगी देतो. आपल्या लायनीत ५० हर्ट्झचा एसी असतो, तो सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो, त्यामुळे चुंबकत्वाला बसायला वेळच मिळत नाही. वीज पलीकडे जाते ती अशी. तारेतून जात नाही, लोखंडातल्या चुंबकत्वाच्या हेलकाव्यातून जाते.

आता तुमच्या डीपीचे आकडे घेऊ. शंभर केव्हीए, ११,००० व्होल्टचे ४३३ करणारी. लायनीकडची बाजू डेल्टा, म्हणजे प्रत्येक कॉइलवर पूर्ण ११,००० व्होल्ट. शेताकडची बाजू स्टार, म्हणजे प्रत्येक कॉइलवर ४३३ भागिले १.७३२, सुमारे २५० व्होल्ट. प्रमाण ४४ ला १. हिशोब सोपा राहावा म्हणून धरू की एका टर्नला ५ व्होल्ट. या मापाच्या नगात साधारण तेवढेच असतात. मग शेताकडे ५० टर्न, लायनीकडे २२००. पूर्ण भाराला शेताकडे १३३ अँपिअर, म्हणून तिथे जाड पट्टी. लायनीकडच्या कॉइलमध्ये ३ अँपिअर, म्हणून तिथे बारीक तार.

ही बारीक कॉइल ओममीटरवर मोजली तर तीसेक ओम दाखवते. मेव्हण्याला विचारा: ११,००० व्होल्ट, ३० ओम, करंट किती? ओहमच्या नियमाने ३६७ अँपिअर. तीन अँपिअरच्या तारेत. म्हणजे डीपी चार्ज केल्या केल्या भडकायला हवी. पण शेतातल्या सगळ्या मोटरी बंद असताना या कॉइलमधून जेमतेम ०.०८ अँपिअर जातो. का?

कारण चुंबकत्वाचा बदल फक्त दुसऱ्या कॉइलला दिसतो असं नाही. पहिली कॉइलही त्याच लोखंडाभोवती गुंडाळलेली आहे. तिच्याही प्रत्येक टर्नमध्ये ५ व्होल्ट तयार होतात, आणि ते येणाऱ्या विजेच्या विरुद्ध उभे राहतात. २२०० गुणिले ५, बरोबर ११,०००. बाहेरून अकरा हजारांचा रेटा, आतून जवळजवळ अकरा हजारांचा अटकाव. कॉइलला थोपवून धरणारे तिचे तीस ओम नसतात, तिने स्वतः तयार केलेलं हे उलटं व्होल्टेज असतं. तो ०.०८ अँपिअर म्हणजे लोखंड हेलकावत ठेवण्याचा खर्च. माझ्या बॅटरीच्या प्रयोगात हा अटकाव नव्हता, कारण चुंबकत्व स्थिर होतं. मग कॉइलजवळ फक्त तिचे ओम उरले, आणि धूर निघाला.

हा ताळमेळ एकदा डोक्यात बसला की बाकीचं आपोआप उलगडतं. चुंबकत्व किती असावं हे लायनीचं व्होल्टेज ठरवतं, भार ठरवत नाही. रिकामी डीपी असो की भरलेली, लोखंड जवळजवळ तितकंच हेलकावतं. म्हणून रिकामी डीपीसुद्धा गुणगुणते. तो आवाज विजेचा नसतो, चुंबकत्वामुळे लोखंड केसाएवढंही नाही इतकं ताणतं-आखडतं, सेकंदाला शंभर वेळा.

आता शेतात मोटर चालू करा. पन्नास टर्नांतून करंट वाहू लागतो. या करंटचंही चुंबकत्व असतं, आणि ते मूळच्या बदलाला विरोध करतं. हा नियम लेंझने १८३४ मध्ये मांडला. म्हणजे लोखंडातलं चुंबकत्व किंचित दबतं. दबलं की पहिल्या कॉइलचा अटकाव किंचित कमी होतो. अटकाव कमी झाला की लायनीतून जास्त करंट आत शिरतो, आणि तो इतकाच शिरतो की दबलेलं चुंबकत्व परत जागेवर यावं. तराजूसारखं आहे. एका पारड्यात १३३ अँपिअर गुणिले ५० टर्न, दुसऱ्यात ३.०३ गुणिले २२००. दोन्हीकडे साडेसहा हजारांच्या वर, सारखेच. मोटर चालू झाल्याचा निरोप अकरा हजारच्या कॉइलला मिळतो तो असा, आणि तिला निरोप फक्त अँपिअर-टर्नच्या भाषेत कळतो. करंट कुठे चाललाय, मोटरीत की आगीत, हे तिला कळत नाही. आता फ्यूजकडे येऊ.

समजा लायनीकडच्या कॉइलमध्ये शेजारशेजारच्या दोन टर्नांमधला कागद घासून फाटला आणि तांब्याला तांबं टेकलं. एक टर्न स्वतःशीच बंद झाला. त्याच्यात ५ व्होल्ट तयार होतच आहेत, ते थांबत नाहीत. त्या एका टर्नचा रोध किती? तीस ओमचा बावीसशेवा भाग, ०.०१३६ ओम. पाचला त्याने भागा: ३६७ अँपिअर. तोच मघाचा आकडा! मघाशी तो अटकावाने थोपला होता, इथे थोपवणारं कुणी नाही. प्रत्यक्षात थोडं चुंबकत्व निसटतं, त्यामुळे आकडा कमी भरतो, पण हिशोबाला हाच धरू. पाच गुणिले ३६७, म्हणजे १८०० वॅटहून जास्त उष्णता, मनगटाएवढ्याही जागेत नाही, तेलात बुडालेल्या एका वेढ्यात. पूर्ण भाराला त्याच टर्नमध्ये एरवी अर्धपाव वॅट तापतो.

आणि लायनीला काय दिसतं? ३६७ अँपिअर, पण टर्न एकच. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात तेवढं वजन टाकायला २२०० टर्नांत किती करंट लागेल? ३६७ भागिले २२००. ०.१७ अँपिअर.

डीओच्या फ्यूजला पूर्ण भाराचे सव्वापाच अँपिअर निमूट वाहायचे असतात, म्हणजे तो त्याहून मोठ्या मापाचाच असतो. त्याला हे ०.१७ म्हणजे कुणीतरी पाणी तापवायचा हीटर लावला एवढंच. रात्रभर तो हीटर कॉइलच्या आत चालतो. शेजारचा कागद कोळसतो, दुसरा टर्न, तिसरा टर्न, तेलाचा वायू होतो. कधी बरेच टर्न एकत्र आल्यावर फ्यूज उडतो, पण तोवर वाचवण्यासारखं काही उरत नाही. कधी वितळलेली तार मध्येच तुटते, करंट थांबतो आणि फ्यूज शाबूत राहतो. तुमच्याकडे हेच झालेलं दिसतं. मेव्हण्याचं "तेवढा करंट" बरोबर होतं, फक्त तो करंट फ्यूजपर्यंत आलाच नाही, टर्नातल्या टर्नात फिरत राहिला.

बंद टर्न ही चीज मोठी विलक्षण. इंडक्शन शेगडीत भांड्याचा बूड म्हणजे मुद्दाम ठेवलेला शॉर्ट टर्न. ट्रान्स्फॉर्मरचा गाभा अखंड लोखंडाचा केला तर तो स्वतःच शॉर्ट टर्न होऊन तापेल. म्हणून तो ०.२३ ते ०.३ मिलिमीटर जाडीच्या, वरून इन्सुलेशन दिलेल्या पत्र्यांचा रचतात. गाभा आवळायच्या बोल्टला कागदाची नळी चढवलेली असते तीही यासाठीच. आमच्या धंद्यात घाईने काम करणारे पत्रे हातोड्याने ठोकून बसवतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. गाभ्याचा हा खास पोलादी पत्रा (सीआरजीओ) ठोकला की त्याचा गुण जातो, कडा एकमेकींना टेकतात, आणि नवीन कॉइल घातलेला नग रिकामाच तापायला लागतो. रिवाइंडिंग केलेली डीपी पुन्हा लवकर जाते त्यातली कितीतरी प्रकरणं तारेची नसतात, हातोड्याची असतात.

आता कागद का फाटतो, आणि तोही हंगामातच का, ते सांगतो. पाच एचपीची मोटर साडेसात अँपिअर घेते. १३३ अँपिअरमध्ये सतरा मोटरी बसतात. सगळ्यांना ऑटो स्विच आहेत. रात्री लाइट आली की सतराही एका क्षणी उठतात, आणि मोटर उठताना सहापट करंट मागते. कागदावर हे डीपीच्या क्षमतेच्या पावणेसहा पट. डीपीच्या आतल्या साडेचार टक्के इम्पीडन्समुळे, म्हणजे तिच्या स्वतःच्या अडथळ्यामुळे, व्होल्टेज पाचव्या हिश्शाने दबतं, म्हणून प्रत्यक्षात साडेचार पट भरतं. व्होल्टेज दबल्यामुळे मोटरींची उठायची ताकद पाऊणपेक्षाही कमी होते, त्या रेंगाळतात, आणि करंट तितका वेळ टिकतो. दोन कॉइलमध्ये उलटसुलट करंट असल्याने त्या एकमेकींना ढकलतात: बाहेरची बाहेर फुगते, आतली गाभ्याकडे दबते. हा रेटा करंटच्या वर्गाने वाढतो. साडेचार पट करंट म्हणजे वीस पट रेटा. लाइट दिवसात चार वेळा गेली-आली तर चार वेळा. तापून कडक झालेला कागद असे किती धक्के सोसणार? त्यात तेल कमी असेल, ब्रीदरमधले, म्हणजे हवा आत येते त्या डबीतले, ओल शोषणारे निळे खडे गुलाबी होऊन महिने झाले असतील, म्हणजे आत दमट हवा जातेय, तर कागदाचं आयुष्य आणखी घटतं.

म्हणून ऑटो स्विच लावायचाच असेल तर त्याला टायमर लावा आणि गावात बसून वेळा वाटून घ्या: पहिल्या मिनिटाला तीन मोटरी, दुसऱ्याला तीन. हे मी पंधरा वर्षं सांगतोय. ज्यांची डीपी नुकतीच जळालेली असते ते एक हंगाम ऐकतात. प्रत्येक मोटरीला योग्य मापाचा कॅपॅसिटरही बसवा. मोटरीला तिचं स्वतःचं लोखंड हेलकावायला जो करंट लागतो तो कॅपॅसिटर जागेवरच पुरवतो, आणि डीपीवरचे साडेसात अँपिअर सव्वासहाच्या आसपास येतात.

नवीन किंवा दुरुस्त नग बसवण्याआधी एक गोष्ट मागून घ्या: नो-लोड करंटची, म्हणजे भार नसतानाच्या करंटची टेस्ट. कॉइलचे ओम मोजून शॉर्ट टर्न सापडत नाही, तीस ओममधले ०.०१३६ कोणत्या साध्या मीटरला दिसणार? इन्सुलेशन तपासायच्या मेगरलाही तो दिसत नाही, कारण कॉइल बॉडीला टेकलेली नसते, स्वतःलाच टेकलेली असते. पण शेताकडच्या बाजूने ४३३ व्होल्ट देऊन अँपिअर बघितले, की चांगल्या नगात प्रत्येक फेजला तीन-साडेतीन अँपिअर येतात. मधल्या फेजला थोडे कमी, तो दोष नव्हे. एक टर्न शॉर्ट असला की त्या फेजला आठ-दहा. या टेस्टच्या वेळी दुसऱ्या टोकांवर अकरा हजार उभे असतात, म्हणून ती शेडमध्येच आणि जाणत्या माणसानेच करायची.

यावरून एक ताकीद. ट्रान्स्फॉर्मरला पुढचं-मागचं कळत नाही. लाइट गेल्यावर कुणी जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय थेट मीटरच्या पुढच्या तारेला जोडला, तर २३० गुणिले ४४, दहा हजार व्होल्ट उलटे लायनीवर चढू शकतात. वर खांबावर, लाइन बंद आहे असं समजून, एखादा वायरमन जंपर बांधत असतो. तोच, ज्याला तुमचा मेव्हणा खोटारडा म्हणतोय.

मेव्हण्याला कागदावरचं पटलं नाही तर शेडवर घेऊन या. आमच्याकडे एक किलोव्होल्टअँपिअरचा उघडा ट्रान्स्फॉर्मर आहे, टर्नला एक व्होल्टचा. त्याच्या खिडकीतून दीड चौरस मिलिमीटरच्या वायरचा एकच वेढा घालतो, टोकं पक्की जोडतो, आणि स्विच टाकतो. वायरचं प्लॅस्टिक बघता बघता मऊ होऊन गळायला लागतं, आणि २३० च्या बाजूच्या मीटरचा काटा एक अँपिअरही चढत नाही. नवीन पोरगं कामाला आलं की पहिल्या दिवशी त्याला हेच दाखवतो, कॉइलला हात लावू देण्याआधी.